शाळा फुकट आहे, मग पोरं फडावर का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचे वडील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात वाढले, कंदिलाच्या उजेडात शिकले, सरकारी नोकरीत लागले आणि त्यांच्यामुळे आज तुम्ही पुण्यात इंजिनिअर आहात. आता तर शाळा फुकट, पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण शाळेत, वर शिष्यवृत्त्या. तरी बीडकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं मोठी होऊन पुन्हा कोयताच का धरतात? हा संधीचा प्रश्न आहे की इच्छाशक्तीचा? आणि आपण पुण्यात बसून काही करू शकतो का, असंही शेवटी विचारलंय.

मी २२ वर्षं बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर या बालाघाटाच्या पट्ट्यात काम करतोय. सुरुवातीला मुलांची हंगामी वसतिगृहं चालवली, नंतर बायांचे बचत गट. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि पाहिलेलं जास्त सांगेन.

आधी प्रश्न जरा वेगळा मांडतो. संधी आहे की नाही, एवढंच आपण विचारतो. शाळा आहे, म्हणजे संधी आहे. योजना आहे, म्हणजे संधी आहे. माझ्या अनुभवात खरा प्रश्न पुढचा असतो: ती संधी घेऊन बघायला किती खर्च येतो, आणि घेतलेली संधी फसली तर तो फटका कोण सोसतं? ज्याच्या घरात एक फटका सोसायची ताकद आहे, तो प्रयत्न करतो. ज्याच्या घरात नाही, तो हुशार असूनही करत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते इच्छा नसल्यासारखं दिसतं.

आता हिशोबाचं बोलू. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो. जोडीमागे लाखभर रुपये धरा. कुणाला कमी, कुणाला जास्त. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूर-साताऱ्याकडे, कुणी कर्नाटकात बेळगावकडे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, तोडणी करून ती उचल फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, तरी टनाला मिळतात साडेतीनशेच्या आसपास. एक जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते. म्हणजे सातशे रुपये, दोघांचे मिळून, पहाटे चारपासून. हंगामात कामाचे १२० दिवस भरले तर चौऱ्याऐंशी हजार. उचल लाखाची. उरलेल्या सोळा हजारांना 'बाकी' म्हणतात, आणि ती पुढच्या वर्षीच्या उचलीला चिकटते. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून थोडा पैसा येतो, पण तो खोपीवरच्या मीठ-मिरचीत जातो. ज्यांचा हंगाम चांगला जातो ते उचल फेडून दहा-वीस हजार घेऊन परततात, हेही खरं. पण एखादं आजारपण आलं, बैल गेला किंवा अवकाळी पावसानं तोडणी थांबली, की हे गणित उलटं फिरतं.

आणि एक दिवस जरी काम चुकलं, तर त्याला खाडा म्हणतात. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर मुकादम दंड धरतो. नवऱ्याला ताप आला तर बायको एकटी तोडू शकत नाही, म्हणजे खाडा दोघांचा. बायांच्या बाबतीत हे कुठवर गेलं, ते २०१९ मध्ये बाहेर आलं. बीड जिल्ह्यात त्या वेळी ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची सरकारी पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. याला कारणं अनेक आहेत: कमी वयातली बाळंतपणं, फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतात, पाणी आणि आडोसा नसल्यानं होणारे संसर्ग, काही डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती. पण या सगळ्याच्या मुळाशी 'दर महिन्याला खाडा परवडत नाही' हे वाक्यही होतं. मी ते तीस-बत्तीस वर्षांच्या बायांच्या तोंडून ऐकलंय, आणि अजूनही ते आठवलं की मला झोप लागत नाही.

या हिशोबात आता मुलाला बसवून बघा. एक प्रसंग सांगतो, म्हणजे काय होतं ते कळेल.

दसरा झाला की आमच्याकडे गावागावांत ट्रॅक्टर लागतात. ट्रॉलीत आधी बाजरी-ज्वारीची पोती, मग पत्र्याची पेटी, हंडे, सरपण, त्यावर गोधड्या, एका कडेला बांधलेली शेळी, आणि सगळ्यांत शेवटी पोरं. एका वर्षी अशा ट्रॉलीत पोत्यावर टाकलेलं एक दप्तर मला दिसलं. चौथीतल्या पोराचं. मी त्याच्या आईला म्हणालो, "ताई, आपलं वसतिगृह आहे की. ठेवा त्याला इथंच." ती म्हणाली, "भाऊ, तुमचं वसतिगृह उघडणार कधी? आम्ही तर आज निघालो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंजुरीचं पत्र आलेलं नव्हतं. ते दिवाळी उलटून गेल्यावर आलं. तोवर तो पोरगा एका मोठ्या कारखान्याच्या हद्दीत, खोपीत बसून दीड वर्षाच्या बहिणीला सांभाळत होता. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर मात्र त्याचं नाव होतं.

कागदावर त्या मुलाला सगळं मिळालेलं होतं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, गावात शाळा आहे, शाळेत गुरुजी आहेत, हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे. फक्त ती महिनाभर उशिरा आली. तुमच्या-माझ्या मुलाच्या बाबतीत महिनाभराचा उशीर म्हणजे एखादी शिकवणी लावून भरून निघणारी गोष्ट. त्याच्या बाबतीत अर्धं वर्ष गेलं. आणि अशी लागोपाठ तीन वर्षं गेली की सातवीतल्या मुलाला भागाकार येत नाही. मग मास्तर म्हणतात, याचं डोकंच चालत नाही. आई-बाप म्हणतात, शिकून काय दिवे लावणार. काही दिवसांनी पोरगाही तेच म्हणायला लागतो.

तुमच्या 'इच्छाशक्ती'चा मुद्दा इथं येतो. इच्छाशक्ती असते, मी ती नाकारत नाही. पण ती परिस्थितीपासून वेगळी काढून मोजता येत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरच्या भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. निम्मी मुलं उच्च जातींतली, निम्मी दलित. सुटलेल्या कोड्यांप्रमाणे पैसेही मिळणार होते. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दोन्हीकडच्या मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. पण मुलाचं नाव, बापाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितली, की दलित मुलांची सुटलेली कोडी एकदम घटली. मुलं तीच, डोकी तीच, कोडी तीच. त्या उच्चारानंतर मुलाच्या मनात काय झालं असेल, याचा विचार करा. आमच्या मुलांना 'उसतोड्याचं पोरगं' म्हणून वर्गात हाक मारली जाते, तेव्हा मी त्यांचे खाली जाणारे खांदे बघतो.

तुमच्या वडिलांच्या कष्टांना यात कुठंही कमीपणा नाही. पण त्यांना एकदा निवांत बसवून विचारा. तुम्ही शिकत होता तेव्हा घरातलं कुणी सहा-सहा महिने गाव सोडून जात होतं का? घरात मोठं आजारपण आलं तेव्हा पैसा कुठून आला? आणि दहावीला एकदा नापास झाला असता, तर पुन्हा बसायला मिळालं असतं का? मी असे प्रश्न वर आलेल्या पुष्कळ लोकांना विचारले आहेत. बहुतेकांच्या गोष्टीत कुणीतरी निघतंच: शाळेत शिपाई असलेला मामा, विहिरीवरचा अर्धा एकर भाजीपाला, पाच वर्षं जेवू घालणारी शहरातली आत्या. त्यांनी मेहनत केली नाही असं कुणी म्हणत नाही. पण मेहनत वाया जाऊ नये म्हणून खाली एक चादर धरलेली होती.

ती चादर प्रत्येक घरात सारखी नसते, म्हणून तुमच्या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. एकाच गावातली, एकाच टोळीतली दोन घरं घ्या. एका घरात धडधाकट आजी आहे, तर मुलं गावात राहतात, शाळा चालू राहते. शेजारच्या घरात आजी नाही, तर मुलं फडावर. ओढ्याकाठी विहीर असलेला दोन वर्षांतून एकदा उचल टाळू शकतो. थोरला भाऊ रांजणगावला कंपनीत लागला असेल, तर धाकट्याला खोलीत एक कोपरा मिळतो. ऊसतोडीत वंजारी आहेत, बंजारा आहेत, दलित आहेत, मराठा, धनगर, मुस्लिमही आहेत. गरिबी सगळ्यांची, पण अडीअडचणीला फोन करता येईल असा नोकरीतला नातेवाईक प्रत्येकाकडे सारखा नसतो. आणि घरात मुलगी असेल तर गणित पुन्हा बदलतं.

मुलींचं नीट सांगायला हवं. वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवायची भीती वाटते, फडावर उघड्या खोपीत न्यायचीही भीती वाटते. मग दसऱ्याआधी तिचं लग्न उरकतात. त्यात पैशाचंही कारण आहे: लग्न झालं की नवी जोडी, म्हणजे नवा कोयता, म्हणजे त्यांची स्वतंत्र उचल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याची सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास आहे. आमच्या वसतिगृहातली एक मुलगी दहावीला होती, गणितात वर्गात पहिली. डिसेंबरात गावी असलेली आजी आजारी पडली. धाकट्या भावंडांना बघायला कुणी नाही, म्हणून वडील येऊन तिला घेऊन गेले. "परीक्षेला आणून सोडतो" म्हणाले, आणि त्यांच्या मनात खोट नव्हती. पण दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, आणि फडावर तेव्हा उचल फेडायची शेवटची घाई असते. तिला आणून सोडायचं म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवसांचा खाडा. ती परीक्षेला बसली नाही. पुढच्या दिवाळीत ती मला भेटली, गळ्यात मंगळसूत्र होतं. यात इच्छाशक्ती कुणाची कमी पडली, ते मला अजून सांगता आलेलं नाही.

जी थोडी मुलं बारावी पार करतात, त्यांच्यापुढे कागदांचा डोंगर असतो. अभियांत्रिकीला राखीव जागेवर प्रवेश मिळाला, फी माफ झाली. आता जात पडताळणी. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेतला दाखला असेल तर काम सोपं. पण ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांचं काय? मग तहसीलला जाऊन कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. मोडीत असेल तर ती वाचणारा शोधायचा. एका मुलाबरोबर मी स्वतः सात हेलपाटे घातलेत. प्रत्येक हेलपाटा म्हणजे एसटीचं भाडं, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र आणि बुडालेला दिवस. याउलट, ज्याच्या सख्ख्या चुलत भावाकडे वैधता प्रमाणपत्र आधीच आहे, त्याचं प्रकरण त्या आधारावर पुढं सरकतं. म्हणजे ज्या घरात आधी कुणी शिकलं, त्याच घरातल्या दुसऱ्याला ही वाट मोकळी. पहिल्या मुलाला मात्र ती स्वतः खणावी लागते. शिष्यवृत्तीही मिळते, पण आमच्या बऱ्याच मुलांच्या खात्यात ती वर्ष संपत आल्यावर पडली. मेसवाला तोवर थांबत नाही. त्या सात-आठ महिन्यांत मुलगा महिना शेकडा पाच रुपयांनी, म्हणजे वर्षाला ६० टक्क्यांनी, पैसे काढतो किंवा कॉलेज सोडून टोळीत जातो.

हे फक्त आमच्याकडचंच आहे असं समजू नका. बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं अत्यंत गरीब बायांना गाय आणि ती पाळायचं प्रशिक्षण द्यायचा कार्यक्रम चालवला. २००७ पासून पुढची ११ वर्षं संशोधकांनी त्या कुटुंबांचा माग ठेवला. सगळ्यांना साधारण सारखंच मिळालं होतं. पण ज्यांच्याकडे आधीपासून थोडंफार काही होतं, त्या एका उंबरठ्याच्या पलीकडे गेल्या आणि नंतर स्वतःच्या बळावर वर चढत राहिल्या. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्या गाय मिळूनही हळूहळू मागे घसरल्या. त्या बायांमध्ये आळशी आणि कष्टाळू असा फरक नव्हता. मदत उंबरठ्याच्या अलीकडेच संपली, एवढाच फरक होता.

आमच्या बचत गटात हेच झालं. आम्ही बायांना दोन-दोन शेळ्या दिल्या. हंगाम आला, शेळ्या ठेवायच्या कुणाकडे? अर्ध्या वाट्यानं दुसऱ्याकडे ठेवल्या, त्यातल्या काही मेल्या, काही दवाखान्यासाठी विकल्या. दोन वर्षांनी बहुतेक गोठे रिकामे. नंतर आम्ही निम्म्याच बायांना मदत केली, पण एकीला पाच शेळ्या, विमा, आणि मुकादमाची बाकी फेडायला गटातून स्वस्त कर्ज असं एकदम दिलं. त्यातल्या बऱ्याच जणींनी पुढच्या दसऱ्याला उचल घेतली नाही. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवताना माझं मन मला खूप खात होतं. पण सगळ्यांना थोडं-थोडं देऊन कुणीच पार होत नाही, असं माझं आता ठाम मत आहे.

सरकारी पातळीवर काही झालेलं नाही असं मुळीच नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे, आणि त्याला कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये मिळावेत अशी तरतूद झाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. दिशा बरोबर आहे. जिथं असं वसतिगृह दसऱ्याच्या आत सुरू झालं आणि वर्षभर टिकलं, तिथं मुलं टिकली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून निराश होत नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. दप्तरं आणि वह्या पाठवू नका, त्या इथं पुष्कळ येतात. लागतो तो वेळेवर मिळणारा लहान पैसा: परीक्षेच्या काळात मुलीला फडावरून आणायचं भाडं आणि तिच्या वडिलांच्या खाड्याची भरपाई, पडताळणीचे हेलपाटे, शिष्यवृत्ती येईपर्यंतची मेस. शिष्यवृत्ती जमा झाली की मुलगा परत करेल अशा बोलीवर दिलात तरी चालेल. आमची बहुतेक मुलं परत करतात. एकाच मुलाला किंवा मुलीला तीन वर्षं धरून ठेवा, दरवर्षी नवा चेहरा नको. आणि कृपा करून नव्वद टक्केवाला निवडू नका. त्याला कुणीतरी मिळतंच. पंचावन्न-साठ टक्के मिळवून गप्प बसलेला, एकदा नापास झालेला पोरगा निवडा. तुम्ही इंजिनिअर आहात, तर बारावीनंतरच्या त्या दोन महिन्यांत फोनवर उपलब्ध राहा. कुठला फॉर्म, कुठली फेरी, कुठलं कॉलेज, हे सांगणारं त्याच्या घरात कुणी नसतं, आणि एक चुकीचा पर्याय भरला तर वर्ष जातं.

पैसे द्यायचे ठरलं, तर ते घटस्थापनेच्या आत पोचले पाहिजेत. ट्रॅक्टर त्याच सुमारास लागायला सुरुवात होते, आणि एकदा ट्रॉली भरली की त्या वर्षापुरतं काही करता येत नाही.